पाऊस कुठे पडलाय ते आधी विचारा: पावसाळ्यातलं इंदूर, सिरपूरच्या तलावापासून मांडवगडापर्यंत

जुलै लागला की आमच्या घरी पुण्या-मुंबईहून फोन सुरू होतात. "दोन दिवस येतोय, धबधबे दाखव." मग ही मंडळी अवंतिका एक्सप्रेसने सकाळी इंदुरात उतरतात, पोहे-जिलबी खातात आणि दुपारी पातालपाण्याला पोचतात. तिथे कड्यावरून पाण्याची एक बारीक दोरी लोंबत असते. सगळे माझ्याकडे बघतात. चूक कोणाचीच नसते. सह्याद्रीचं गणित घेऊन माळव्यात आलं की असं होतं. म्हणून यंदा ठरवलं, प्रत्येकाला फोनवर सांगते ते सगळं एकदा नीट लिहून काढायचं.

आधी जमीन समजून घ्या

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर, माळव्याच्या पठारावर आहे. पाऊस वर्षाला सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो, त्या मानाने हे काहीच नाही. शिवाय तो जवळजवळ सगळा मध्य जून ते सप्टेंबरअखेर, आणि त्यातही काही मोजक्या जोरदार दिवसांत पडून जातो.

खाली तुमच्याकडचाच काळा बेसॉल्ट आहे. त्यावर काळी माती. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनचा पहिला पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात, ओढ्यापर्यंत काही पोचतच नाही. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि तीच जमीन पाणी आत घ्यायचं थांबवते. त्यानंतर पडणारा पाऊस उताराने धावत सुटतो. म्हणूनच जूनमध्ये कोरडा वाटणारा ओढा जुलैच्या शेवटी तासाभरात छातीएवढा होऊ शकतो. या भागातला आनंद आणि धोका दोन्ही या एका गोष्टीत आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणलोट. इंदूरच्या दक्षिणेला, महूच्या पुढे पठार संपतं आणि विंध्याचा कडा खाली नर्मदेकाठच्या निमाडात उतरतो. कड्याच्या अलीकडचं पाणी उत्तरेला जातं: क्षिप्रा, गंभीर, चंबळ, मग यमुना, गंगा, बंगालचा उपसागर. कड्यावरून दक्षिणेला सांडणारं पाणी चोरलसारख्या नद्यांतून नर्मदेला मिळतं आणि अरबी समुद्रात जातं. उत्तरेकडचा उतार मंद आहे, तिथे पाणी पसरतं, रेंगाळतं. म्हणून तलाव त्या बाजूला. दक्षिणेकडे ते एकदम कोसळतं. म्हणून धबधबे या बाजूला. नकाशा उघडून ही एक रेघ मनात ओढून घ्या. पुढचं सगळं नियोजन त्यावरच करायचं आहे.

महिना कसा निवडायचा

धबधब्यांसाठी जुलैचा तिसरा आठवडा ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. माझी स्वतःची खूण सोयाबीनची आहे. शेतकरी साधारण चार इंच पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरत नाहीत, कारण तेवढ्याने जमीन आतपर्यंत भिजते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन वीतभर दिसायला लागलं की समजायचं, जमिनीची तहान भागली आहे. आता जो पाऊस पडेल तो ओढ्यात येईल.

तलाव भरलेले बघायचे असतील तर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर. गावात त्याची बातमी आपोआप कळते. यशवंतसागर धरणाची पातळी एकोणीस फुटांवर गेली की दरवाजे उघडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यापासून सगळे तेच बोलत असतात. पाहुणे पक्षी मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतात. त्यांच्यासाठी यायचं तर हिवाळ्यात या, सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, तळलेला गराडूही (एक कंद) मिळेल.

मांडवगडासाठी, म्हणजे मांडूसाठी, ऑगस्ट. यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

निघायच्या आदल्या दिवशी

आपण सगळे हवामानाच्या ॲपवर जिथे जायचं तिथला पाऊस बघतो. धबधब्याला जाताना ते पुरत नाही. नदी जिथून येते तिथे काय पडलंय ते बघायचं. पातालपाण्याला जायचं असेल तर महू आणि मानपूरकडचा पाऊस बघा. आदल्या रात्री तिकडे जोरात झाला असेल तर सकाळी धबधब्यावर ऊन असलं तरी तो दिवस पाण्यापासून लांब उभं राहायचा आहे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही घरची आठ माणसं सिमरोलच्या पुढे एका ओढ्यात, घोट्याएवढ्या पाण्यात दगडांवर बसून डबे उघडत होतो. वर निळं आभाळ होतं. पलीकडच्या काठावर गुरं चारणारा एक मुलगा होता. तो ओरडला, "काकी, बाहर आ जाओ, ऊपर गिरा है!" मी पाण्याकडे बघितलं. मघापर्यंत तळाचे खडे दिसत होते, ते आता दिसत नव्हते. चहात दूध घातल्यासारखं पाणी गढूळ होत होतं, आणि त्यावरून सागाची हिरवी, ताजी तुटलेली पानं येत होती. आम्ही डबे तसेच सोडून मुलांना उचललं आणि वर आलो. पाच-सात मिनिटांत ज्या दगडावर आमची चटई होती तो दिसेनासा झाला. त्या मुलाला त्या दिवशी काय द्यावं ते सुचलं नाही. आजही सुचत नाही.

तेव्हा या खुणा घरातल्या लहानांनाही पाठ करून द्या: पाणी अचानक गढूळ होणं, ताजी पानं-काटक्या वाहत येणं, वरच्या बाजूने ट्रक यावा तसा घुमणारा आवाज, ओल्या मातीचा एकदम वाढलेला वास. यातली एक जरी दिसली तरी सामान सोडून वर या. पार करून पलीकडे जाऊन थांबू, असं करू नका. ज्या बाजूला गाडी आहे त्याच बाजूला राहा.

विजांसाठी फोनवर 'दामिनी' ॲप ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं आहे, आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता दाखवतं. जानापाव किंवा मांडवगडच्या उघड्या माथ्यावर ते फार कामाचं. आणि सकाळचं स्थानिक वर्तमानपत्र चाळा. जोराच्या पावसात प्रशासन धोक्याच्या धबधब्यांवर जायला बंदी घालतं. बंदी असेल तर त्या दिवशी तलावांकडे वळा.

पहिला दिवस तलावांचा

सकाळी सहाला सिरपूर. धार रस्त्यावर, शहराला अगदी लागून. होळकरांच्या काळातला हा तलाव एकेकाळी अतिक्रमण आणि सांडपाण्याने संपत आला होता. चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून तो वाचवला. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर दोन्ही जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले, आणि २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही रामसर कराराखाली पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळालेली भारतातली पहिली दोन शहरं ठरली. स्वच्छतेच्या क्रमांकाबद्दल आम्ही इंदूरकर फार बोलतो. मला स्वतःला या मान्यतेचा जास्त अभिमान आहे.

पावसाळ्यात इथे कमळपक्षी शोधा. दुर्बीण नसेल तरी चालेल, काठाजवळच्या पानांवर असतो. या दिवसांत लांब शेपटीच्या कमळपक्ष्याला त्याची ती काळी, कोयत्यासारखी वळलेली शेपटी आलेली असते. मानेमागे सोनेरी पट्टा. पाय बघा, बोटं इतकी लांब की वजन पसरतं आणि तरंगतं पान बुडत नाही. अंडी त्या पानांवरच घालतात, आणि ती उबवायचं काम नराकडे असतं. एकदा अर्धा तास बसून मी एका नराला बघितलं: पान थोडं कलंडलं, त्याने उठून एक अंडं चोचीने आणि छातीने हलकेच आत सरकवलं, पुन्हा बसला. एवढंच. पण माझ्याबरोबर आलेला भाचा त्या दिवसापासून पक्ष्यांची वही ठेवतो.

तिथून न्याहारी करून हातोदच्या दिशेने यशवंतसागर, साधारण पंचवीस किलोमीटर. गंभीर नदीवर होळकर संस्थानाने हे धरण बांधलं, इंदूरला पाणी द्यायला. आज शहराचं बरंचसं पाणी नर्मदेचं आहे. १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ते विंध्याचा चढ चढवून आणलं जातं. एवढी वीज खर्चून वर आणलेलं पाणी पिणाऱ्या शहराला स्वतःच्या दारातले तलाव केवढे मोलाचे, हे यशवंतसागरच्या काठावर उभं राहिल्यावर कळतं. इथूनही शहराला पाणी जातंच. पुढे हीच गंभीर उज्जैनजवळच्या धरणात अडते आणि उज्जैनला पाणी पाजते.

काठच्या शेतांत सारसाची जोडी दिसू शकते. पावसाळा त्यांचा विणीचा काळ असतो, तेव्हा गाडीतूनच बघा, फोटोसाठी शेतात उतरू नका. बॅकवॉटरच्या बाजूला गुलावट आहे, कमळांनी भरलेलं पाणी आणि काठाला बांबूचं बन. फुलं सकाळी उमललेली असतात, म्हणून काही जण आधी गुलावट आणि मग सिरपूर करतात. शनिवार-रविवारी फार गर्दी होते. बुधवारी-गुरुवारी जमलं तर बघा.

इथे एक सांगून ठेवते. डांबरी रस्ता सोडून गाडी काळ्या मातीत घालू नका. वरून घट्ट दिसते. चाक एकदा फिरलं की माती टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि जितका ॲक्सिलरेटर द्याल तितकी गाडी खाली बसते. आमची बसली होती. एका शेतकरी दादांनी ट्रॅक्टरने ओढून काढली, पैसे घेतले नाहीत, उलट घरी नेऊन चहा पाजला. तसं झालंच तर इंजिन बंद करा, चाकापुढची माती हाताने उकरा, गोणपाट किंवा वाळक्या काटक्या घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा.

दुसरा दिवस कड्याचा

इंदूरहून महू, महूहून पातालपाणी, एकूण पस्तीस किलोमीटरच्या आसपास. चोरल नदी इथे सुमारे तीनशे फूट खाली उडी घेते. कठड्यामागच्या जागेवरून बघा, आणि तिथूनच बघा. २०११ च्या जुलैत इथे खडकावर उभे असलेले पाच जण अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेले, तिघांचा जीव गेला. मघाशी पाणलोटाबद्दल एवढं लांबवून लिहिलं ते यासाठी.

पातालपाणी ते कालाकुंड अशी मीटरगेजची हेरिटेज गाडी २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली. साडेनऊ किलोमीटर, बोगदे, वळणं, खाली हिरवी दरी. हंगामात चालते, जागा आधी राखून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत. हा लोहमार्ग ज्या रेल्वेचा भाग होता तिच्यासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीचं. इथे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या तंट्या भिल्लाचं देऊळही आहे. १८८९ मध्ये जबलपूरला त्याला फाशी दिल्यावर त्याचा देह याच रुळांजवळ आणून टाकला होता. गाड्या इथे क्षणभर थांबून, शिट्टी देऊन पुढे जायच्या. आता स्टेशनलाही तंट्या मामांचं नाव आहे. देवळापाशी दोन मिनिटं थांबाच.

कालाकुंडला उतरलात की पानाच्या द्रोणातला कलाकंद घ्या. आसपासच्या पाड्यांतल्या म्हशींचं दूध, लाकडावर आटवलेलं, खाली किंचित करपलेला वास. त्याने या छोट्या स्टेशनवर कितीतरी घरं चालली आहेत. सुटे पैसे जवळ ठेवा, घाटात मोबाइलची रेंज जाते आणि फोनवरून पैसे देणं अडकतं.

वेळ उरला तर जानापाव. माळव्यातल्या सर्वांत उंच ठिकाणांपैकी एक, साडेआठशे मीटरच्या वर, परशुरामाचं जन्मस्थान मानतात. चंबळ इथून निघते. वरच्या कुंडाशी उभं राहिलं की सकाळी नकाशावर ओढलेली रेघ पायाखाली असते. तिंछा, हत्यारी खोह, बामनिया कुंड या धबधब्यांची नावंही तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. नवख्या माणसाने, त्यातून लहान मुलं बरोबर असताना, तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वाटा निसरड्या, कठडे नाहीत, बेसॉल्टवरचं शेवाळ साबणासारखं असतं.

पोट कशावर चालतं, तेही बघा

पूर्वी माळव्यात बरीच काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवत. पाणी साचतं, पीक कुजतं, म्हणून पावसाळाभर ओल धरू द्यायची आणि थंडीत गहू-हरभरा घ्यायचा. १९७० नंतर सोयाबीन आलं आणि चित्र पालटलं. तीन-साडेतीन महिन्यांत पीक निघतं, रब्बीच्या आत शेत मोकळं. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदुरातच आहे, १९८७ पासून. तुम्हाला रस्त्यावरून जे अखंड हिरवं दिसतं ते हेच. सप्टेंबरच्या शेवटी पिवळं पडतं, तेव्हा शेतकऱ्याला पाऊस नको असतो आणि तुम्हाला हवा असतो, हे त्याच्याशी बोलताना लक्षात ठेवा.

थंडीत गहू, बटाटा, लसूण तलावांच्या आणि विहिरींच्या पाण्यावर उभे राहतात. तलावांतून मासेमारी होते, पावसाळा सरता सरता शिंगाडे निघतात. ओले हिरवे शिंगाडे टोपलीत दिसले तर पाव किलो घ्या. काठावरच्या कुटुंबांना ते दोन महिनेच मिळतात. वाटेत निखाऱ्यावरचं कणीस, गावात आलात की भुट्ट्याचा (मक्याचा) कीस, वरून जीरावण मसाला. पाकीटबंद वेफर्स घरून आणण्यापेक्षा हे बरं, आणि पैसा जिथे बघायला आलात तिथेच राहतो.

मांडवगड: एक रात्र तरी

इंदूरहून धारमार्गे शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. लोक एका दिवसात जाऊन येतात. करू नका. धुकं कधी येईल आणि कधी हटेल ते सांगता येत नाही, आणि मांडवगड त्या धुक्याच्या ये-जा करण्यात आहे.

डोंगरमाथ्यावर हे एवढं मोठं राजधानीचं शहर होतं आणि वर एकही नदी नाही. सगळं पावसावर. म्हणून इथे इमारती बघताना आधी छताकडे आणि मग जमिनीकडे बघा. जहाज महाल मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध आहे, शंभर मीटरहून लांब. पाऊस पडत असताना छतावर जा. पाणी कोणत्या पन्हाळीकडे वळतंय, खाली कुठे पडतंय ते पायाने चालत शोधा. एके ठिकाणी पन्हाळ गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल फिरते. सरळ सोडलं असतं तर पाणी धावत गेलं असतं. या फेऱ्यांत त्याचा वेग मोडतो, गाळ मागे बसतो आणि हौदात निवळ पाणी जातं. मी तिथे एकदा वाळकं पान सोडून बघितलं होतं. ते रखडत, वळत, प्रत्येक फेरीत थोडं थांबत गेलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने पाण्याला सांगितलेलं अजून पाणी ऐकतंय. जहांगीर बादशहा १६१७ मध्ये इथे राहिला होता आणि पावसाळ्यातल्या मांडवासारखी हवा दुसरीकडे नाही असं त्याने लिहून ठेवलं आहे.

पुढे चंपा बावडी (बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर), उजाली आणि अंधेरी बावडी, सागर तलाव, रेवा कुंड याच क्रमाने करा. शेवटी राणी रूपमतीचा मंडप. आभाळ मोकळं असेल तर खाली निमाड आणि लांब नर्मदेची रेघ दिसते. नसेल तर ढग कमानीतून आत येतात, कपडे न भिजता ओले होतात. अर्धा तास थांबलात तर बहुधा दोन्ही मिळतं.

जेवायला दाल-पानिया मागा. मक्याचं पीठ पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजतात, वेळ लागतो, म्हणून सकाळी फिरायला निघतानाच सांगून ठेवा. रस्त्यावर बायका गोरखचिंचेची मोठी, मखमली सालीची फळं विकतात. आफ्रिकेतून आलेलं हे झाड इथे मांडवाची चिंच म्हणूनच ओळखतात. फोडून गर कोरडाच चघळायचा.

सामान थोडंच: तळव्याला नक्षी असलेले बूट, छत्रीऐवजी रेनकोट (कड्यावर वारा छत्री उलटी करतो), सुके कपडे गाडीत वेगळ्या पिशवीत, टॉर्च, गोणपाटाचे दोन तुकडे. परतताना मांडवगडाहून दुपारी तीनच्या सुमाराला निघा. घाटात संध्याकाळी धुकं उतरतं तेव्हा पुढच्या ट्रकचे लाल दिवेही दिसत नाहीत, आणि तीनला निघालात तर इंदुरात कीस संपायच्या आत सराफ्यात पोचता.